अंगठ्याचं रीळ

घड्याळजींनी उभा जन्म बेटकास्टिंग रिळाने मासेमारी केली. या रिळात गळाची खोटी मासोळी फेकताना, ती हलकी असली की तर फारच, फिरत्या रिळावर अंगठा टेकवून दोरा आवरावा लागतो. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा अंगठा बधिर होता. दर फेकीला दोरा गुंतून त्याचं घरटं व्हायचं आणि बायको तो गुंता सोडवत बसायची.

"अहो, स्पिनिंगचं रीळ घ्या की! त्याला अंगठा लागत नाही."

"अंगठा येईल परत. देवाला सांगितलंयस ना?"

"रोज सांगते."

आज ते स्पिनिंगचं रीळ घेऊन आले. तिच्यापुढे ठेवत म्हणाले, "घे, तुझी सुटका झाली. देवाचीही."

संध्याकाळी ती हात जोडून बसली, पण काय मागावं ते तिला सुचेना.