एक थर कमी

शर्यतीच्या नव्या होडीचं कवच आज साच्यातून निघालं आणि बायको व मुलगी दोघींनीच ते उचलून अंगणात आणलं. आमची पहिली होडी उचलायला अख्खी वाडी लागली होती. फायबरचा प्रत्येक थर बसला की मी ओरडायचो, “आणखी एक चढवा, समुद्र आहे तो!” शर्यतीत ती शेवटची आली. मी किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटलो, “पण भक्कम बघा किती!”

तेव्हापासून आमच्या कारखान्याचा इतिहास म्हणजे मला आवरण्याचा इतिहास. फायबरच्या जागी कार्बनचं कापड आलं, होडीमागून होडी हलकी होत गेली, जिंकूही लागली. ती सगळी जाडी समुद्रासाठी नव्हतीच, माझ्या भीतीसाठी होती.

पण ही होडी आमची मुलगी एकटीच समुद्रात नेणार. मी हळूच ब्रश उचलला. “तळाला आणखी एकच थर...”

“अहो, पोरगी माझीही आहे. ठेवा तो ब्रश!” बायको म्हणाली आणि खुशाल पालथ्या होडीवर चढून तिनं दोन उड्या मारल्या. “या आता तुम्हीही.”

मी पोटाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि चढलो.