चाराचे सात

थळच्या कोळीवाड्यात तुळशीरामसारखा गरीब माणूस नाही, असं सगळे म्हणत. दारू नाही, जुगार नाही, कुणाशी वर मान करून बोलणं नाही. त्याची बायको रतन हे ऐकून खाली बघे. घराचं दार लागलं की हा गरीब माणूस कसा होतो, ते तिचं तिलाच ठाऊक. ती नको म्हणे, रडे, पाया पडे. पण लग्नाची बायको आहे म्हटल्यावर त्याच्या लेखी विषय संपला. लग्नाची बायको म्हणजे विकत घेतलेलं जाळं नव्हे, हे त्याला सांगणार कोण? सांगणाऱ्यांच्या घरी तरी काय निराळं होतं!

चौपन्न साली दुसरं मूल झालं. आत फाटलंय, दोन महिने तिला हात लावायचा नाही, असं सुईणीने बजावलं होतं. तुळशीराम बारा दिवस थांबला. तेव्हापासून रतनला लघवीला आग होई, ओटीपोट दुखे, पाटी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येई.

सुटका काय ती महिन्यातून चार दिवस. त्या दिवसांत ती पडवीत वेगळी बसे, आणि शिवाशीव झाली तर जाळं रिकामं येईल या भीतीने तुळशीराम तिकडे फिरकत नसे. म्हणून रतनने चाराचे सात केले. सासू बाजाराला गेली की कापलेल्या मुशी माशाचं रक्त फडक्याला लावायचं आणि ते सासूच्या नजरेस पडेल असं टाकायचं. चार महिने हे खपलं.

पाचव्या महिन्यात सासू, नीराबाई, बाजारातून लवकर परतली. तिने फडकं उचललं आणि नाकाशी नेलं. चाळीस वर्षं कोयती चालवलेल्या कोळणीला मासळीच्या रक्ताने फसवायला निघालेली ही शहाणी! आता सासू लेकाला सांगणार, आणि पुढचं रतनला ठाऊकच होतं.

तेवढ्यात अंगणातून तुळशीरामने विचारलं, "आये, सरलं का न्हाय तिचं दिस?"

नीराबाईने फडकं मुठीत चुरगळलं.

"न्हाय," ती म्हणाली. "आजून चार दिस हायेत."

तो गेल्यावर ती कण्हत सुनेजवळ टेकली. "मुशीचं घेव नको गो, वास मारते. कोंबडीचं घे. मी कोंबडीचं घ्यायची."

रतनने तिच्या मुठीतलं फडकं काढून घेतलं.

"माजं अंग भायेर येते, वीस वर्सं झाली. कुनाला बोलले न्हाय, तसंच काढलं. तू उद्या माज्यासंगं अलिबागला चल, दवाखान्यात."

"आन त्यांनी इचारलं तर?"

"इचारू दे," नीराबाई म्हणाली, आणि दाराकडे बघून तिने आवाज आणखी खाली आणला. नवऱ्याला भीत आली होती, तशीच ती आता लेकालाही भीत होती.