मुहूर्ताच्या दिवशी डीएलएल

पहिली बंडी काट्यावर उभी होती. बैलांच्या शिंगांना झेंडूचे हार, कापसावर कुंकू, शेठजींच्या हातात नारळ. वजन स्क्रीनवर आलं. मी प्रिंट दाबलं आणि पावतीऐवजी एरर आली.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापूस खरेदीचा मुहूर्त होता, आणि तो बारापर्यंतच होता. काट्याचा प्रोग्राम माझा. पहिली पावती वेळेत निघाली नाही तर शेठजी पुन्हा हाताने लिहायच्या पावतीपुस्तकावर जाणार होते आणि नागपूरचे आमचे सर मला घरी पाठवणार होते. नोकरी नवी होती.

"मॅडम, काऊन अटकला हो?" शेठजी म्हणाले. "काल दुपारी तं चालून राह्यलता!"

"मी गेल्यावर कॉम्प्युटरवर नवीन काही टाकलं का?"

"केळझरच्या गणपतीची शप्पथ, काईच नाई टाकलं."

त्यांचे साळे गोपालभाऊ काउंटर सांभाळत. त्यांनीही कानाला हात लावला. "तुमच्या प्रोग्रामले तं म्या शिवलो बी नाई."

मी सरांना फोन लावला.

"विंडोज नव्याने टाक," सर म्हणाले.

"सर, त्याला संध्याकाळ होईल. मुहूर्त बारापर्यंत आहे."

"मग मुहूर्त पुढे ढकलायला सांग."

हा निरोप मी शेठजींना दिला नाही. मला सेलूतून धड परतायचं होतं.

आता थोडं समजून घ्या. कुठलाही प्रोग्राम एकटा चालत नाही. छपाईसारखी कामं तो डीएलएल नावाच्या तयार फायलींकडून करून घेतो, आणि एकच फाइल अनेक प्रोग्राम वापरतात. गावात लग्नाची मोठी भांडी सामायिक असतात, तसंच. कुणी मोठा गंज उचलून तिथे जुना, लहान ठेवला, तर पुढच्याचं वरण उतू जाणारच. माझ्या प्रोग्रामला कोणती फाइल लागते हे मला पाठ होतं. पण लागणारी फाइल वेगळी आणि ऐनवेळी हाती आलेली वेगळी असू शकते. म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. एफ-नाइन दाबलं की प्रोग्राम चालता चालताच सांगायचा, आत्ता कोणत्या फायली घेतल्यात, किती जुन्या, कुठून. सरांनी तेव्हा ही नसती उठाठेव ठरवली होती.

एफ-नाइन दाबलं. सगळं ठीक, फक्त छपाईची फाइल जुनाट निघाली. ती जिथून येत होती त्या फोल्डरचं नाव 'कुंडली'.

"शेठजी, हे कुंडली काय आहे?"

"ते होय? गोपालनं काल सांजच्याले सीडी आणली. आजचा मुहूर्त त्यातूनच तं काढला!"

"मग काही टाकलं नाही म्हणालात ते?"

"मॅडम, ते देवाचं काम हाय. ते टाकनं थोडीच झालं?"

माझं डोकंच फिरलं. "ते आत्ता काढून टाकते."

"नाई नाई! मुहूर्त सरेपर्यंत त्याले हात नका लावू!"

बाहेरून बंडीवाला ओरडला, "बाई, बैलं उनात तळून राह्यले!"

मग मी कुंडलीला न दुखवता माझ्या सीडीवरची बरोबर फाइल आमच्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रोग्रामला बजावलं, आधी घरातलं वापर. प्रिंट दाबलं. प्रिंटर कुरकुरला आणि पावती बाहेर आली. बारा वाजायचे होते. नारळ फुटला. मला रडूच यायचं बाकी होतं.

पहिला पेढा शेठजींनी गोपालभाऊंना भरवला.

"पाह्यलं का मॅडम? येवढी मोठी एरर, पन मुहूर्तच असा दमदार होता का आपोआप निघून गेली. पुढच्या साली बी यातूनच काढू."

संध्याकाळी सर म्हणाले, "ती एफ-नाइनची सोय राहू दे. मी म्हटलंच होतं."

तेव्हापासून गिऱ्हाइकाला 'काय टाकलं' हे मी विचारत नाही. तो खोटं बोलत नाही, पण खरं त्याच्या हिशेबाने सांगतो. मी चालत्या प्रोग्रामलाच विचारते. देवाचं काम कोणतं आणि धंद्याचं कोणतं, एवढी अक्कल त्याला नसते, हे एक बरं.