लस आधी ताईला

माझ्या धाकट्या भावाला कुठलीही गोष्ट आधी माझ्यावर करून दाखवावी लागते. तो ऑटिस्टिक आहे, तिशीला टेकलेला, अंगाने माझ्या दुप्पट. नखं कापायची तर आधी माझी. केसांना मशीन लावायचं तर आधी ते माझ्या मानेवरून फिरणार. तो शेजारी बसून बघतो आणि म्हणतो, "आधी ताई." आमच्या घरात हा कायदाच आहे, आणि तो करताना मला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये त्याने सलाइन उपटून काढलं, तेव्हा त्याचे हात कॉटला बांधले. ते बघितल्यापासून आईने एकच ध्यास घेतला. ह्याला फ्लूची लस द्यायचीच, पुन्हा तिथे जायची वेळ यायला नको.

बोरिवलीत एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी ह्याच्यासाठी काय काय करावं! रविवारी, दवाखाना बंद असताना बोलावलं. पांढरा कोट नाही. आतल्या ट्यूबलाइटचा त्याला त्रास होतो म्हणून खुर्ची बाहेर व्हरांड्यात. आधीच फोनवर फोटो पाठवले: ही खुर्ची, हा कापूस, ही मी. आई रोज जेवणं झाली की ते फोटो दाखवायची आणि त्याच्या दंडावर ओला कापूस फिरवायची. त्याआधी अर्थात माझ्या.

हे सगळं त्याला हवंच होतं, मला कळतं. तरी माझा जळफळाट झाला. शाळेत आम्हाला रांगेत उभं करून टोचायचे, रडलं की बाई खेकसायच्या. मला कुणी खुर्चीचा फोटो दाखवला नाही. सुईला मी आजही घाबरते. पण घरात घाबरायचा मान एकट्या त्याचा.

रविवारी मी खुर्चीत बसले. आई त्याच्याकडे बघत होती, टोचतानासुद्धा डॉक्टरांचं अर्धं लक्ष त्याच्याकडे. सुई माझ्या दंडात आणि कौतुक तिकडे! मी हसरा चेहरा धरून ठेवला होता, तरी तोंडातून "आई गं" निघालंच. त्याने झटक्यात बाही खाली ओढली आणि कान झाकून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"वाट लावलीस ना!" आई मला म्हणाली. "एवढं पण जमू नये तुला?"

"घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आज नाही झालं तर पुढच्या रविवारी या." आणि त्या खरंच पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने तो आला, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई." म्हणजे पुन्हा. त्यांनी बिनसुईची सिरिंज माझ्या दुसऱ्या दंडाला टेकवली. मी हसले, चांगले दात दिसतील असं हसले. मग तो बसला, स्वतःच बाही वर केली आणि टोचून घेतलं. हूं की चूं नाही. आई रडायलाच लागली. "शाणो रे माझो झील!" असं लेकाला मालवणीत म्हणत तिने त्याच्या हातात केळ्याच्या वेफर्सचं पाकीट दिलं.

रिक्षात तो मधे बसून वेफर्स खात होता. माझा दुखरा दंड मीच चोळत होते. मला राहवलं नाही, आईला म्हटलं,

"मला पण सुईची भीती वाटते. माहीत तरी आहे का तुला?"

आई बाहेर बघत म्हणाली, "माहीत आहे की. लहानपणापासून माहीत आहे. तुझे हात गार पडतात."

"मग?"

"मग काय? तू घाबरतेस म्हणून तुला सोडलं असतं, तर ह्याला कुणी दाखवलं असतं?"

इतकी वर्षं मी धरून चालले होते की आईला कळतच नाही. त्या समजुतीवर माझं बरं चाललं होतं.