स्नेहलतागंजची अचानक तपासणी

आता हे माझ्याच तोंडून ऐका, कारण पोरं सांगतील ते याहून वाईट असेल.

भंवरकुआंजवळच्या एका कॉलेजात मी सप्लाय चेन शिकवते. वय सत्तावीस, उंची जेमतेम पाच फूट. त्यात इंटर्नशिपची जबाबदारी माझ्याच गळ्यात! आमची मुलं मामा-काकाच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट आणतात, काम शून्य. नुसता वैताग. आयुषनं सख्ख्या मामाच्या नमकीनच्या गोदामाचं पत्र आणलं तेव्हा मी भर वर्गात सांगितलं, अचानक तपासणी करणार, खोटं निघालं तर वर्ष गेलं समज.

न कळवता स्नेहलतागंजच्या त्या गोदामात धडकले. आयुष नव्हताच!

"कॉलेजातून आली का बेटा?" मामांनी विचारलं.

"हो." खोटं थोडंच होतं?

त्याच दिवशी त्यांच्याकडे दुसरी इंटर्न यायची होती, हे मला कुठे ठाऊक? मामांनी माझं नाव लिहून घेतलं, पोहे खायला घातले आणि हातात यादी दिली. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, एक महूची, एक देवासची. माल चढवून घे म्हणाले. आयुष माल पोचवायला गेलाय म्हणे. मी कशाला विश्वास ठेवते? तो येईपर्यंत गुपचूप थांबायचं ठरवलं. हा शहाणपणा मला कुणी सांगितला होता?

दुपारी देवासहून फोन आला, लौंग सेव मागितली होती, मिक्स्चर का पाठवलं? पाठोपाठ महूचा. तिथे लौंग सेव पोचली होती.

तेवढ्यात घामाघूम आयुष आला. मला बघून त्याचं तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"जाऊ द्या ना मामा," तो म्हणाला. "नवीन आहे, शिकेल."

मग दोन्ही दुकानदारांना फोन लावून "अरे भिया, टेंशन मत लो, शाम तक माल बदलवा देता हूँ" करत त्यानं सगळं निस्तरलं. आयुषचं वर्ष वाचलं. मी तिथून सटकले.

सोमवारी त्यानं खाली मान घालून मामांनी भरलेले, इंटर्नच्या कामावरच्या शेऱ्याचे आठवड्याचे फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले. फॉर्म मीच तयार केलेला. आयुषच्या फॉर्मवर 'उत्तम' होतं. दुसऱ्यावर माझं नाव.

'मुलगी मेहनती आहे. पण हा विषय हिला कॉलेजात कोणी नीट शिकवलेला दिसत नाही.'

त्याखाली, विषय शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या सहीसाठी, मीच आखलेली रिकामी जागा होती.