कपाच्या बुडाखालचा ठिपका

बुधवार, नऊ जुलै. दुपारी तीन ते चार. ऑफिसची पॅन्ट्री, दुसरा मजला.

हजर: मी, पॅन्ट्री सांभाळणारी. कांताबाई, भांडी आणि फरशी. मोरेश्वर, साहेबांचा ड्रायव्हर. इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम. शेवटच्या दहा मिनिटांत ऑफिसच्या मोठ्या मॅडम. गैरहजर: कोणी नाही.

कांताबाई पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बसण्याआधी त्यांनी पदराने खुर्ची पुसली. खुर्ची स्वच्छच होती. सकाळी त्यांनीच पुसली होती.

पुढच्या महिन्यात बाहेरदेशचे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर आमची फजिती होऊ नये म्हणून सहा दिवसांचा वर्ग लावला होता. विषय एकच, पिण्याचे शब्द. वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, असं मी सगळं उतरवलं होतं. पोर म्हणजे ओतणे. रिफिल म्हणजे पुन्हा भरणे. थर्स्टी म्हणजे तहानलेला. सिप म्हणजे घोट घोट पिणे, गल्प म्हणजे गटागटा. पाहुणे गल्प करत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

आज शेवटचा दिवस. एकाने पाहुणा व्हायचं, एकाने चहा द्यायचा.

"बस ना वं मावशी," मोरेश्वर म्हणाला. "आज तूच साहेब."

"वुड यू लाइक टी ऑर कॉफी, मॅम?" मी विचारलं.

"टी, प्लीज," कांताबाई म्हणाल्या. मग स्वतःच्या मनाने, "साखर कमी टाकजो. साहेब लोकायले शुगर राह्यते."

सगळे हसलो. मी चहा ओतला. पाहुण्यांच्या कपात, पांढऱ्या, सोनेरी काठाच्या. धडाच तसा होता. कांताबाईंनी लहानसा घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "असा का वं?"

मी मान हलवली. असाच.

तेवढ्यात मोठ्या मॅडम दारात आल्या. सगळ्यांकडे बघून हसल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "नॉट इन दोज कप्स." आणि मराठीत, "तो कप आता वेगळा काढा. पाहुण्यांच्यात नको."

कप कांताबाईंच्या हातात होता. अर्धा चहा शिल्लक.

मी काय केलं ते लिहिते. मी वही उघडली आणि लिहिलं: पांढरा कप, सोनेरी काठ, एक, बाद.

कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती. कांताबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी ते वाचलं. अर्धा चहा मोरीत ओतला, कप विसळला, पुसला आणि माझ्या वहीशेजारी पालथा ठेवला. पालथ्या कपाचं बूड कोरं होतं. त्या बुडाकडे त्या बघत राहिल्या.

आमच्या पॅन्ट्रीत स्टाफचे कप खालच्या फळीवर असतात. प्रत्येकाच्या बुडाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका. शिपाई, ड्रायव्हर, सफाईवाले यांनी त्यातच प्यायचं. सहा वर्षांपूर्वी मोठ्या मॅडमची तक्रार आली होती की कप मिसळतात. मी म्हटलं, मिसळणार नाहीत. भावाच्या लग्नात घेतलेली नेलपॉलिश पर्समध्येच होती. दहा मिनिटांत चौदा कप झाले. ठिपका बुडाखाली, म्हणजे वरून दिसायला नको. मला वाटलं, मी व्यवस्था लावली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखी ऑर्गनाइज्ड बाई नाही. ते वाक्य मी घरी दोनदा सांगितलं. रंग उडाला की ठिपके पुन्हा लावायचे. महिन्याच्या कामांच्या यादीत ते पाचवं काम होतं.

ठिपका कशासाठी, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी सक्करदऱ्याची, कांताबाई उमरेडच्या. दोघींच्या घरची माणसं छप्पन साली याच नागपुरात एकाच मैदानावर दीक्षेला उभी होती. कुणाच्या भांड्याला कुणाचा हात चालत नाही, हे मला शिकवायला वर्ग लागत नव्हता.

वर्गाच्या चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं होतं, पिण्याचा आणखी कुठला शब्द हवा आहे का. कांताबाई उभ्या राहिल्या. वाकल्या. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली.

"मॅडम, आमची आजी सांगे. विहिरीवर कोणी वरून पाणी ओते, अन् खाली असं वाकून प्या लागे. भांड्याले हात लावाचा नाही. याले इंग्रजीत काय म्हणते?"

"ड्रिंक," मॅडम म्हणाल्या. "ड्रिंकच."

वहीत माझ्या हाताने तो शब्द लिहिलेला आहे. डावीकडे ड्रिंक. उजवीकडची जागा कोरी.

त्या बुधवारी साडेपाचला मी कांताबाईंना जिन्यात गाठलं. त्यांना उमरेडची बस धरायची होती. पिशवी काखेत होती.

"ठिपका तू लावत होती का वं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले वाटे, साहेब लोकायनं लावला असन." त्या एक पायरी उतरल्या. "सहा वर्सं मी त्यायले शिव्या देऊन राहिली होती मनात. घासता घासता. काहून केलं वं तू असं?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, कोण कुठल्या दिवशी रजेवर.

"बरं केलं, खरं सांगतलं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजत राहिला. मोरेश्वरला त्यांनी एवढंच सांगितलं की आता येत नाही, तब्येतीचं कारण लिहा. हजेरीपटात ते कारण मलाच लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. रकाना रिकामा आहे.

सोमवारी आठ वाजता, कोणी यायच्या आधी, मी कापूस आणि नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन बसले. लावायला दहा मिनिटं लागली होती. पुसायला तास लागला. थरावर थर होते. मग सगळे कप एकाच फळीवर लावले. ठिपक्याचे, सोनेरी काठाचे, सगळे.

मोठ्या मॅडमनी अकराला बोलावलं. "हे केवळ हायजीनसाठी होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर समजूतदार आहात."

मी म्हटलं, "सगळे कप एकाच गरम पाण्यात धुतले जातात, मॅडम. ठिपका मी लावला होता. मी पुसला. पुन्हा लावणार नाही."

"विचार करून बोला."

"सहा वर्षं न करता बोलले. आता करूनच बोलते."

लेखी खुलासा मागवला. तिथल्या तिथे दोन ओळींत दिला. त्यात माफी नाही. नोकरी राहील की जाईल, अजून कळवलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी, वेगळा काढून ठेवलेला तो बाद कप वर्तमानपत्रात गुंडाळून मी बसस्टँडवर गेले. कांताबाईंना द्यायचा म्हणून. उमरेडची बस लागली. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढाचं हाय का नाही?" एक पाय पायरीवर ठेवला आणि तेव्हा उमगलं, मी काय घेऊन निघाले होते. ज्यांच्या ओठांमुळे कप बाद ठरला, त्यांनाच तो भेट. लिहिणारीही मी, नेणारीही मीच. पाय खाली घेतला. बस गेली. मी बाकावर बसून रडले. मग घरी आले.

तो कप आता ऑफिसच्या फळीवर आहे, इतरांमध्ये. कुठला, ते मलाही ओळखू येत नाही.

वहीत या महिन्याची कामं आहेत. ठिपके पुसणे, झालं. खुलासा, दिला. त्याखाली एक राहिलं आहे. रिकाम्या हाताने उमरेडला जायचं. कांताबाईंच्या दारात उभं राहायचं. त्या देतील ते, देतील त्या भांड्यात प्यायचं. ओंजळीत ओतलं तर वाकून ओंजळीने. काहीच दिलं नाही तर तहानलेलंच परत यायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचं.

त्यापुढे अजून खूण केलेली नाही.