क्रिएटिनिन उतरल्याचे पेढे

गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, नगरच्या डायलिसिस वॉर्डात पेढे वाटले. दर महिन्याला मशीनला जोडण्याआधी रक्त काढतात, त्याचा रिपोर्ट आला होता आणि क्रिएटिनिन पुन्हा उतरलं होतं.

किडनीच्या पेशंटच्या घरात क्रिएटिनिन म्हणजे वैरी. ते चढत गेलं म्हणून तर दादा मशीनवर आले. आता उतरलं म्हणजे जिंकलो, असं आमच्या गावी काष्टीत अख्ख्या भावकीचं मत.

"पथ्य पाळावं लागतं, पथ्य!" दादा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला ऐकवत होते.

पथ्य ते पाळत, अगदी आमचा अंत पाहीपर्यंत. मशीन लागण्याआधी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलं होतं. मशीन लागल्यावर आता खा म्हणाले, तर दादांना वाटलं, आपली परीक्षा बघतायत. अर्धी भाकरी आणि भोपळ्याची भाजी, बस्स. बाजारातून येताना मटणाच्या दुकानाकडे मानही वळवायचे नाहीत. मला त्यांचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी पेढा घेतला, रिपोर्ट पाहिला आणि पेढा तसाच टेबलावर ठेवला. मला बाहेर बोलावलं.

"किडनी सुधारलेली नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि यांचे स्नायूच झिजलेत. रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, तेही घसरलंय. मशीनवरच्या माणसाचे हे दोन आकडे असे एकत्र उतरायला लागले की मला भीती वाटते. यांना खायला घाला, नाहीतर हाती फार दिवस राहणार नाहीत."

आत दादा हसत पेढ्यांचा खोका फिरवत होते. त्यांच्या सदऱ्याची बाही इतकी सैल झालेली मला त्या दिवशी दिसली.

परतीच्या एसटीत मी सगळं सांगितलं. त्यांनी सैल बाहीतून स्वतःचा दंड चाचपला.

"म्हंजी म्या मलाच खाल्लं व्हय?" ते म्हणाले.

मग खाणं सुरू केलं, पण भूक कुठे होती! उकडलेल्या अंड्याचं पांढरं तोंडात घोळत राहायचं. मी डोळे वटारायचे, लाडीगोडी लावायचे, कधी ताट आपटायचे. ते निमूट गिळायचे, माझ्यासाठी. ते बघून जास्तच वाईट वाटायचं.

परवा रिपोर्ट आला. अल्ब्युमिन जरा वर सरकलं होतं.

"दादा, क्रिएटिनिन वाढलं!" मी ओरडले. शेजारच्या पेशंटची बायको "अगं बाई!" म्हणून माझा हात धरायला धावली. तिला समजावता समजावता मला हसू आवरेना.

"मंग पेढं आन," दादा म्हणाले. "पर मला नगं. मला घरी गेल्यावर मटन कर. लई भूक लागलीया."

भूक लागली, असं ते कधीपासून म्हणाले नव्हते. मी वॉर्डातच रडले.